गरम झाल्यावर ठिणगी जाते : सीडीआयचं व्होल्टेज कुठे आणि कसं मोजायचं?

किक_नंबर_सात

मोटरसायकल, एकसिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, मॅग्नेटोवर (इंजिनासोबत फिरणारे मॅग्नेट आणि कॉइल्स) चालणारी एसी सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), सेल्फ नाही, फक्त किक. गार असताना पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. पंधरा-वीस मिनिटं चालली की स्विच फिरवल्यासारखी बंद. त्या वेळी प्लगला ठिणगी अजिबात नसते. अर्धा तास थांबलं की पुन्हा जशीच्या तशी.

प्लग नवा, कॅप ५.१ किलोओहम. एचटी कॉइलची (प्लगला उच्च व्होल्टेज देणारी) प्रायमरी, म्हणजे सीडीआयकडची गुंडाळी, ०.६ ओहम (मीटरच्या वायरींचा ०.२ वजा करून), सेकंडरी (प्लगकडची गुंडाळी) कॅप काढून ७.४ किलोओहम. टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं आहे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतं. कपलर साफ केलेत.

गार इंजिनावरची बाकी रीडिंग्ज :
सोर्स कॉइल (सीडीआयला वीज देणारी मॅग्नेटोतली कॉइल) २५२ ओहम, पल्सर (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी छोटी कॉइल) ११८ ओहम.
किक मारताना साध्या डिजिटल मल्टिमीटरवर सोर्स कॉइल एसी रेंजवर ३८ ते ४५ व्होल्ट, पल्सर एसी रेंजवर ०.३, एचटी कॉइलच्या प्रायमरीवर डीसी रेंजला ०.२ व्होल्ट.

सर्व्हिस पुस्तिकेत सोर्स आणि प्रायमरी दोन्हींना किमान १०० व्होल्ट आणि पल्सरला किमान ०.७ दिलंय. म्हणजे माझ्या आकड्यांप्रमाणे ही गाडी गार असतानाही सुरू व्हायला नको, आणि ती तर पहिल्या किकला होते. मीटर खोटं बोलतंय की मी चुकीच्या जागी मोजतोय?

टॅपेट_टकटक

गरम झाल्यावर ठिणगी गेली की सीडीआय. दुसरी लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

ओहमकार

सीडीआय असेलही, पण वरच्या आकड्यांवरून ते सांगता येत नाही. मीटर खोटं बोलत नाहीये. पुस्तिका एक गोष्ट विचारतेय आणि मीटर दुसरीच सांगतंय, एवढंच.

पुस्तिकेतले १०० व्होल्ट हे पीक व्होल्टेज आहे, म्हणजे क्षणभरापुरतं गाठलेलं सगळ्यात मोठं व्होल्टेज. होंडाच्या कितीतरी मॉडेल्सच्या पुस्तिकांत हेच आकडे आहेत (पल्सर ०.७, सोर्स कॉइल आणि प्रायमरी १००, सगळे 'किमान') आणि सोबत अट असते : पीक व्होल्टेज अ‍ॅडॅप्टर आणि १० मेगओहम किंवा त्याहून जास्त इनपुटचा डिजिटल मीटर. ही अट वगळून मोजलं तर आकड्याला अर्थ राहत नाही.

प्रायमरीचं बघा. सीडीआयमधला कपॅसिटर (साधारण १ मायक्रोफॅरड) सोर्स कॉइलवरून दोनेकशे व्होल्टपर्यंत भरतो. पल्सरचा इशारा आला की एससीआर (सीडीआयमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) तो एका झटक्यात प्रायमरीत रिकामा करतो. झटका जेमतेम १०० मायक्रोसेकंदांचा. किक मारताना इंजिन ५०० आरपीएमच्या आसपास फिरतं, म्हणजे सेकंदाला आठेक झटके. आता सरासरी काढा : २०० × ०.०००१ × ८ = ०.१६ व्होल्ट. डीसी रेंज सरासरीच दाखवते, म्हणून तुमचं ०.२. खरं तर गुंडाळीवर व्होल्टेज उलटूनही येतं, त्यामुळे सरासरी त्याहून कमीच यायला हवी. तो ०.२ बराचसा मीटरच्या गोंधळाचा आहे. सोर्स कॉइलच्या ४५ चंही तसंच. स्वस्त मीटरची एसी रेंज संथ आणि गोल साइन वेव्ह गृहीत धरून कॅलिब्रेट केलेली असते, आणि किकवर सोर्स कॉइल देते ते टोकदार, तुटक सुळके.

अ‍ॅडॅप्टर घरी बनतो. लागणारं सामान :

- यूएफ४००७ डायोड. तो नसेल तर १एन४००७ चालतो, पण तो बंद व्हायला हळू आहे, आकडा जरा कमी दाखवेल.
- ०.१ मायक्रोफॅरड, १००० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर.
- ४७ ओहम, अर्धा वॅट रेझिस्टर.
- जाड इन्सुलेशनच्या दोन वायरी, मगरक्लिपा, आणि हे सगळं बसेल अशी प्लास्टिकची नळी.

जोडणी : लाल क्लिप, मग ४७ ओहम, मग डायोड (पट्टा मीटरच्या बाजूला), मग मीटरची लाल प्रोब. काळी क्लिप सरळ मीटरच्या काळ्या प्रोबला. कपॅसिटर मीटरच्या दोन प्रोबांमध्ये आडवा. मीटर १००० व्होल्ट डीसी रेंजवर, ऑटो-रेंज बंद, 'मॅक्स'चं बटण असेल तर दाबून ठेवा.

कपॅसिटर मोठा घ्यायचा मोह टाळा. हा कपॅसिटर सीडीआयच्या कपॅसिटरमधलाच चार्ज वाटून घेतो. १ मायक्रोफॅरडसमोर ०.१ लावला तर पहिल्या झटक्याला आकडा ९ टक्के कमी येतो, ते खपतं. ०.४७ लावलात तर ३२ टक्के कमी, आणि मग सीडीआयवर उगाच संशय येतो. लहान घेतल्याची किंमत म्हणजे आकडा लवकर उतरतो. १० मेगओहमच्या मीटरवर सुमारे एका सेकंदात तो तिसऱ्या हिश्शापर्यंत येतो. काही स्वस्त मीटरांचा इनपुट १ मेगओहम असतो, त्यांवर आकडा वाचेपर्यंत उडून जाईल. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर बघा : सरळ लावल्यावर साडेआठच्या वर काहीतरी, उलट लावल्यावर शून्य.

आता मोजणी. प्लग सिलिंडरच्या डोक्यातच घट्ट बसलेला हवा, म्हणजे कॉम्प्रेशन पूर्ण. दुसरा चांगला प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी इंजिनला पक्की लावा, प्लगच्या भोकापासून लांब. कॅप उघडी ठेवून किक कधीच मारायची नाही. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती एचटी कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते, आणि ते एकदा फाटलं की पुढे कायम तिथूनच जाते.

क्रम असा :

१. सोर्स कॉइल, सीडीआयचा कपलर काढून. एक क्लिप कॉइलच्या वायरीला, दुसरी बॉडीला (दोन्ही टोकं सुटी आणलेली असतील तर दोन टोकांत). तीन-चार किकांतला सगळ्यात मोठा आकडा घ्या. क्लिपा उलट करून पुन्हा.

२. तेच, कपलर लावून, कपलरच्या मागून प्रोब घालून.

३. एचटी कॉइलची प्रायमरी, सगळं जोडलेलं असताना. इथे लाल क्लिप बॉडीला आणि काळी प्रायमरीला. एससीआर कपॅसिटरचं भरलेलं टोक बॉडीला टेकवतो, त्यामुळे दुसरं टोक, म्हणजे प्रायमरी, शून्याच्या खाली जातं. सरळ लावलंत तर फक्त मागची उसळी दिसते, आणि चांगली सीडीआय मेलेली वाटते. हे फार होतं.

४. पल्सर. इथे हा अ‍ॅडॅप्टर वापरू नका. सिलिकॉन डायोड ०.४ ते ०.६ व्होल्ट स्वतःच खातो, मग ०.७ मधलं उरणार काय? बीएटी८५ सारखा शॉटकी डायोड आणि तोच ०.१ चा कपॅसिटर घेऊन वेगळा छोटा अ‍ॅडॅप्टर करा, तो फक्त पल्सरला आणि फक्त किकवर. ३० व्होल्टचा डायोड आहे, सोर्स कॉइलला चुकून लावलात तर गेला.

अर्थ असा लावायचा. १ मध्येच कमी असेल तर सोर्स कॉइल किंवा मॅग्नेट. १ चांगलं पण २ मध्ये बसलं तर सीडीआय आतून व्होल्टेज खातेय, किंवा किल वायर (इंजिन बंद करणारी) कुठेतरी गळतेय. १ आणि २ चांगले, पल्सर चांगला, तरी ३ नाही तर सीडीआय, नाहीतर तिची अर्थ वायर. ३ चांगलं पण ठिणगी नाही तर एचटी कॉइल, कॅप, प्लग.

आणि हे सगळं दोनदा : एकदा गार, एकदा बंद पडल्या पडल्या. हवेवर थंड होणारं इंजिन लगेच निवायला लागतं, त्यामुळे सगळ्या क्लिपा आधीच मागे काढून तयार ठेवा. पहिल्या तीन मिनिटांत जे मिळेल ते खरं. किकचा जोर माणसागणिक बदलतो, म्हणून दोन्ही वेळा किक मारणारा तोच हवा.

अर्थवायर

ओहमकार यांच्या यादीआधी दोन मिनिटांची एक गोष्ट. एसी सीडीआयमध्ये किल स्विच सप्लाय तोडत नाही, तो किल वायर बॉडीला टेकवून ठिणगी बंद पाडतो. ही वायर (बऱ्याच गाड्यांत काळी-पांढरी, पण आकृती बघूनच ठरवा) हँडलच्या मानेपाशी किंवा इंजिनाजवळ घासली असेल, तर गरम होऊन इन्सुलेशन मऊ पडल्यावर बॉडीला लागते आणि लक्षणं हुबेहूब तुमचीच. बंद पडल्यावर ती सीडीआयपाशी सोडा आणि किक मारा. ठिणगी आली तर सीडीआय, कॉइल सगळं निर्दोष. मात्र मग चावीने इंजिन बंद होणार नाही. गियर टाकून, ब्रेक धरून क्लच सोडायचा.

त्या वायरीत सोर्स कॉइलचं व्होल्टेज असू शकतं, उघड्या हाताने धरू नका. आणि 'सीडीआयला करंट मिळत नाही' म्हणून तिला बॅटरीचे १२ व्होल्ट तर मुळीच देऊ नका. एसी सीडीआयला १२ व्होल्टची पिनच नसते.

ज्यांना आपली सीडीआय कुठली हे माहीत नाही त्यांनी कपलर काढून चावी ऑन करावी. हार्नेसच्या एखाद्या पिनवर स्थिर १२ व्होल्ट दिसले तर डीसी सीडीआय (बॅटरीवर चालणारी). कुठेच नाहीत, आणि एखाद्या पिनपासून बॉडीला शे-दोनशे ते काही शे ओहम मिळतात, तर एसी. (पल्सरही तेवढाच दाखवतो, गोंधळू नका, वायर कुठून येते ते बघा.) एचटी कॉइलच्याच एका टर्मिनलला चावी ऑन करताच १२ व्होल्ट येत असतील तर ती सीडीआय नव्हे, टीसीआय (कपॅसिटरऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारी). तिची प्रायमरी २ ते ५ ओहमांची असते, सीडीआयची एक ओहमच्या आत.

डीसीवाल्यांना सोर्स कॉइलची भानगड नाही, त्यांनी सप्लाय लोडवर मोजावा. नुसत्या मीटरला गंजलेली वायरही १२.४ दाखवते. कपलरच्या १२ व्होल्ट आणि अर्थ पिनांत २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, पावणेदोन अँपिअर ओढले जातील, आणि मग बॅटरीच्या प्लसपासून त्या पिनेपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर पडत असेल तर चावीचा स्विच, किल स्विच नाहीतर फ्यूजची पकड. अर्थच्या बाजूला ०.२ सुद्धा जास्तच.

किक_नंबर_सात

दोन अ‍ॅडॅप्टर बनवले. बॅटरीवर ८.६ आणि उलट शून्य. मीटर १० मेगओहमचा आहे. किल वायर सोडून पाहिली, गरम असताना तरीही ठिणगी नाही. रीडिंग्ज, आधी गार मग बंद पडल्यानंतर दोन मिनिटांतली :

सोर्स, कपलर काढून : १७० / ५५
सोर्स, कपलर लावून : १४० / ४०
प्रायमरी (लाल बॉडीला) : १३० / ३५
पल्सर पीक : १.९ / १.७
सोर्स ओहम : २५२ / २१४
पल्सर ओहम : ११८ / १५०

लाल क्लिप प्रायमरीला लावून मुद्दाम पाहिलं, गार असतानाही ३० च. आता पल्सरचे ओहम वाढलेत म्हणून पल्सरवर संशय घ्यावा का? सोर्स कॉइलचे तर कमीच झालेत, आणि पुस्तिकेतल्या मर्यादेत बसतात.

ओहमकार

उलट आहे. वाढलेला निरोगी, घटलेला आजारी.

तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. पल्सर ११८ चा १५० झाला, म्हणजे २७ टक्के वाढ, म्हणजे तो ७० अंशांनी तापलाय. तुम्ही नकळत मॅग्नेटोच्या घरात थर्मामीटर लावलात. आता सोर्स कॉइल त्याच घरात आहे, तीही फ्लायव्हीलच्या (मॅग्नेट बसवलेल्या फिरत्या चाकाच्या) आत, म्हणजे पल्सरपेक्षा गारच असण्याचं कारण नाही. तिचे २५२ किमान ३२० व्हायला हवे होते. झाले २१४. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश तार गरम झाल्यावर हिशेबातून गायब होते. इनॅमल फाटलेले वेढे तापून फुगतात आणि एकमेकांना टेकतात, निवल्यावर सुटतात. पुस्तिकेतली मर्यादा गार कॉइलसाठी असते. गरम कॉइलचं २१४ त्या मर्यादेत बसतंय यानेच फसायला होतं.

एक तृतीयांश तार गेली तर व्होल्टेजही एक तृतीयांशच घटायला हवं, मग १७० चे ५५ का? कारण शॉर्ट झालेले वेढे नुसते गैरहजर नसतात. त्यांचं बंद कडं होतं, त्यात स्वतःचा करंट फिरतो आणि तो मॅग्नेटच्या फ्लक्सला विरोध करतो. उरलेल्या चांगल्या वेढ्यांचाही घास ते हिरावतात. म्हणूनच ओहममध्ये थोडा दिसणारा शॉर्ट व्होल्टमध्ये एवढा मोठा होतो, आणि म्हणूनच अशा कॉइलसाठी नुसता ओहमवर भरवसा ठेवत नाहीत.

मॅग्नेट कमजोर असेल अशी शंका येईल. फेराइट मॅग्नेट गरम झाल्यावर दर अंशाला सुमारे ०.२ टक्के उतरतात, ७० अंशांना १४ टक्के. तुमचा पल्सर १.९ वरून १.७ झाला, तेवढंच. मॅग्नेट ठीक.

सीडीआयचं म्हणाल तर गार असताना १४० आत, १३० बाहेर. गरम असताना ४० आत, ३५ बाहेर. मिळतं ते ती पुढे देतेय. ठिणगीची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर जाते : १ मायक्रोफॅरड १३० व्होल्टला साडेआठ मिलिज्यूल, ३५ ला फक्त ०.६. कॉम्प्रेशनमध्ये प्लगचा गॅप ओलांडायला ते पुरणार नाही.

टॅपेट_टकटक

पटलं, नवी सीडीआय लावूनही पंधरा मिनिटांनी तेच झालं असतं. तरी सीडीआयची स्वतःची गरमी-चाचणी राहिलीच ना? गार इंजिनावर हेअर ड्रायरने फक्त सीडीआय तापवायची, हात टिकणार नाही इतपत, आणि प्रायमरी मोजायची. १३० च्या आसपास टिकली तर तिचं नाव काढून टाका. एका वेळी एकच वस्तू तापवायची, हा या दुखण्याचा सगळ्यात सोपा उपाय.

आता कॉइल रिवाइंड करायची (नव्या तारेने गुंडाळायची) की मॅग्नेटोच्या कॉइल्स बसवलेली पूर्ण प्लेट बदलायची?

तांबंतार

प्लेट मिळत असेल तर प्लेट. रिवाइंडिंग चांगलं होतं, पण बारकावे पाळले तरच.

जुनी तार सोडवताना वेढे मोजा. तार जळून चिकटली असेल तर हिशेब करा. इनॅमल काढून तारेचा व्यास मायक्रोमीटरने घ्या (इनॅमलसकट मोजलात तर सगळं चुकेल). समजा ०.१२ मिलिमीटर निघाला. त्या तारेचा रोध मीटरला सुमारे १.५२ ओहम. २५० ओहम म्हणजे १६४ मीटर. सरासरी एक वेढा ६५ मिलिमीटरचा असेल तर सुमारे २५०० वेढे. जाड तार घेऊन 'मजबूत' करायला जाऊ नका. वेढे कमी बसतात, किकवर व्होल्टेज पुरत नाही आणि गाडी फक्त धक्क्याने सुरू होते.

कोणतं टोक कोअरला सोल्डर होतं आणि वेढे कोणत्या दिशेने होते, याचा फोटो आधी काढा. तार १८० अंशांच्या वर्गाची घ्या. कोअरच्या कोपऱ्यांवर इन्सुलेशन दुहेरी, कारण पहिला थर तिथेच कापला जातो. दर काही थरांमागे पातळ टेप घाला, नाहीतर शेजारशेजारच्या थरांमध्ये पूर्ण व्होल्टेजचा ताण येतो. वरून वॉर्निश नुसतं चोपडायचं नाही. ते आत मुरलं पाहिजे आणि भट्टीत भाजलं पाहिजे, नाहीतर कंपनाने तार घासून पुन्हा हेच.

बसवण्याआधी भट्टीतून काढलेली कॉइल गरम असतानाच ओहम मोजा, मग गार झाल्यावर. गरम आकडा जास्त यायला हवा, आणि तापमानाच्या हिशेबात बसायला हवा. कमी आला तर ती बसवूच नका. फ्लायव्हील लावल्यावर हाताने फिरवून बघा, नवी कॉइल फुगीर झाली असेल तर मॅग्नेटला घासते. मग पुन्हा त्याच चार मोजण्या, गार आणि गरम. किक मारणारा पाय तोच.